दोरीबाहेरचे नियमनाना

नियमनाना मोटरसायकलच्या शर्यतीला यायचे आणि शर्यतीकडे पाठ करून बसायचे. धुळ्याबाहेरच्या मातीच्या मैदानावर मागे दहा-बारा गाड्या धुरळा उडवत वळणं घेत असायच्या, माणसं बोंबलत असायची, आणि नाना खुर्ची उलटी फिरवून प्रेक्षकांपुढच्या दोरीवर डोळे लावून असायचे. कुणाचा पाय आत आला की शिट्टी. कोण जिंकलं असं विचारलं तर म्हणत, "ते टाइमकीपरला विचारा. माझं काम दोरी." टाइमकीपर मी होतो. घड्याळ माझ्या हातात, शिट्टी त्यांच्या तोंडात, अशी आमची ओळख.

नानांचं औषधांचं दुकान होतं आणि ते आमच्या मोटर क्लबाचे सचिव होते. "नियम म्हणजे नियम" हे त्यांचं वाक्य इतकं पाठ झालेलं की खरं नाव मागे पडलं. सख्ख्या जावयाला पास विसरला म्हणून त्यांनी फाटकातून परत धाडलं होतं. जावई दिवाळसणाला आलेला.

क्लबाबद्दल चांगलं काही लिहावं असं मनात आहे, पण आठवत नाही. पदाधिकारी सतरा आणि धड हेल्मेटं नऊ. अँब्युलन्स म्हणून दोंडाईच्याचा मिरच्यांचा टेम्पो उभा असायचा. जखमी माणूस त्यात शिंकतच दवाखान्यात पोचे. अशा क्लबाला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डोप टेस्टची हौस आली. शर्यतींत आता पैसा होता. कंपन्या चांगल्या रायडरांना पगारावर ठेवत होत्या, आणि बाहेरून येणारे रायडर ट्रकवाल्यांसारख्या गोळ्या खातात अशी कुजबुज होती. प्रत्यक्ष गोळी खाताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. मी तसं म्हणालो, तर नाना म्हणाले, "पाहिलं नाही म्हणूनच तपासायचं."

नियम ठरला: फक्त पहिला येणारा तपासायचा. दुसरा-तिसरा धुतल्या तांदळासारखा, हे बहुधा क्रमांकावरूनच कळत असावं. विजेत्याची लघवी दोन बाटल्यांत घ्यायची, लाखेनं सील करायची, मुंबईच्या लॅबला पाठवायची. एका बाटलीवर शंका आली तर दुसरी तपासायची. बाटल्या नानांनी दिल्या. दुकानातली रिकामी बाटली, दोरा, खोका, यातलं काहीही फेकायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. गिऱ्हाइकं औषधाच्या बाटल्या परत आणून देत, नानी त्या राखेनं घासत, आणि कुणाला फिनेल, कुणाला रॉकेल त्यांतून मिळे. आमच्याकडे सगळ्याच घरांत हे चाले.

त्या वर्षी सलीम जिंकला. धुळ्याचाच पोरगा, बापाचं वेल्डिंगचं दुकान. वळणावर तो गाडी अशी झोपवायचा की माझंही घड्याळावरचं लक्ष उडे. टायर कंपनीचा माणूस त्यालाच बघायला आला होता. रिपोर्ट स्वच्छ आला की त्याला मद्रासला पगारावर नेणार होता. महिन्याभरानं रिपोर्ट आला. खोकल्याच्या औषधात असतं ते अफूच्या जातीचं द्रव्य सापडलं होतं. सलीमनं दुसरी बाटली तपासायला लावली. तिचंही पहिलीशी एकमत.

"नाना, अल्लाकसम, मी सुपारीसुद्धा खात नाही," सलीम म्हणाला.

"सुपारी यादीत नाही," नाना म्हणाले. दोन वर्षं मैदानावर प्रवेश बंद.

कंपनीनं दुसरा आलेला रायडर उचलला. तो जळगावचा, आमच्या अध्यक्षांचा भाचा. त्याला कुणी तपासलं नव्हतं, कारण तो हरला होता.

सलीम सभेत येऊन नानांसमोर उभा राहिला. "मग तुम्ही द्या नाना. तुम्ही तर चहापण पीत नाही."

कुणीही झटकून टाकलं असतं. नाना उठले आणि म्हणाले, "देतो. नियम सर्वांना."

त्यांचाही रिपोर्ट तसाच आला. दोन दिवस नानांनी नानींची डाळ-भाजीवरून उलटतपासणी घेतली. तिसऱ्या दिवशी मला दुकानात बोलावलं. पुढ्यात तपासणीसाठी घासून ठेवलेली एक बाटली होती. झाकणाच्या आतली पुठ्ठ्याची चकती त्यांनी नखानं काढली आणि माझ्यापुढे धरली. "चाटा."

चकती गोड लागली. खोकल्याचं औषध तिच्यात मुरलेलं होतं.

"झाकणं घासली नाहीत?" नानांनी आत बघून विचारलं.

"बाटल्या सांगितल्या, बाटल्या घासल्या," नानी म्हणाल्या. त्या शिंदखेड्याकडच्या, चिडल्या की घरच्या बोलीवर येत. "तुमना क्लब म्हंजे बठ्ठा येडास्ना बजार शे!"

नानांनी ती चकती सभेत टेबलावर ठेवली आणि "चूक माझी, सलीमची बंदी उठवा," असं स्वच्छ सांगितलं. अध्यक्ष तिच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघत राहिले. "नाना, झाकणाचं बाहेर बोलू नका. लोक हसतील. रिपोर्ट लॅबचा आहे. लॅबवर शंका घेणारे आपण कोण?"

"मग माझाही रिपोर्ट लॅबचाच आहे. मलाही दोन वर्षं बंदी घाला."

"तुम्ही कुठे गाडी चालवता?"

"नियमात गाडीचं नाव नाही. 'मैदानावर प्रवेश नाही' एवढंच आहे. मीच लिहिलाय."

सभेनं दोन्ही मागण्या फेटाळल्या आणि भजी मागवली. नानांनी कंपनीला स्वतःच्या सहीनं सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. क्लबानं नव्या बाटल्या घेतल्या, आणि त्यानंतर एकही रायडर दोषी सापडला नाही. अध्यक्ष भाषणात सांगत, आपल्या कडक तपासणीनं खेळ शुद्ध झाला.

नानांनी बंदी स्वतःच स्वतःवर घातली. दोन्ही वर्षं शर्यतीच्या दिवशी ते फाटकाबाहेर लिंबाखाली सलीमशेजारी बसले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "माझा रिपोर्ट बदललाय का?" असल्या माणसाला काय म्हणावं ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की सतरा पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्या दोरीच्या आत होत्या आणि बघण्यासारखा माणूस बाहेर होता.

बंदी संपली. सलीम पुन्हा गाडीवर बसला. नानांनी त्या दिवशी प्रथमच खुर्ची सरळ ठेवली, तोंड शर्यतीकडे. माझं घड्याळ सांगत होतं की सलीमची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जलद आहे. शेवटच्या फेरीला तो इतका पुढे होता की त्याचा धुरळाही मागच्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटच्या वळणावर त्याची गाडी मंद झाली. मागचा पुढे गेला. सलीम दुसरा आला.

नाना दोरी ओलांडून त्याच्याकडे गेले. दोरी ओलांडताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. "गाडी बिघडली का रे?"

"नाही नाना. गाडी एक नंबर." सलीमनं हेल्मेट काढलं. "बाटली नको होती."

नाना परत आले, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि फाटकाकडे चालू लागले. त्यानंतर ते मैदानावर कधी आले नाहीत.