येत नाही, सर

शिवाजीनगरात मी अर्ज लिहिण्यास बसतो, तेथे शेजारच्या दुकानी काल वेताच्या खुर्च्या आल्या. त्यांच्या वासासरशी मी चौथीच्या वर्गात जाऊन उभा राहिलो.

भागाकाराचे उत्तर मी प्रथमच बरोबर सांगितले होते. मास्तरांचा वेत कानशिलावर कडाडला. रक्त सदऱ्यावर ओघळले.

"कुणाचं बघितलंस, दड्डा?"

"अक्कानं शिकवलं, सर."

"अक्का? ती तर तुझ्याहून ढ!"

दुसऱ्या तडाख्याने मनगट सोलले. मग त्यांनी नवे गणित घातले. त्याचेही उत्तर मला ठाऊक होते.

"येत नाही, सर."

मास्तर प्रसन्न हसले आणि त्यांनी वेत खाली ठेवला.

तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. आज ज्याचे मसुदे साहेबलोक वाखाणतात, तो मी जाणतो की माझी शाळा त्याच क्षणी सुटली.