ठमाबाईचं मलम

त्र्यंबक गुप्ते यानं ठाण्याच्या एका दवाखान्यात अठरा वर्षं कंपाउंडरकी केली. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावायचं, मिश्रण ढवळायचं, बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवायची. यश मात्र डॉक्टरांचं. आपल्या नावाचं एक तरी औषध असावं, एवढीच बिचाऱ्याची हाव होती.

ते त्याला कोलशेतच्या मिठागरात सापडलं. खाऱ्या पाण्यानं मजुरांच्या पायांना चिरा पडत, त्या ठमाबाईच्या मलमानं आठवड्यात भरून येत. "तुज्या नावानं काड, पाय बरं झालं म्हंजे झालं," असं म्हणून म्हातारीनं त्याला चुलीशी बसवून घेतलं. करंजेल, मेण, हळद, सगळं त्यानं मोजून लिहिलं. तेल उकळलं की ती क्षणभर पाठ फिरवी, तेवढं लिहिलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून करत असेल, असं हा शहाणा समजला.

त्रेपन्न साली त्यानं पेटंटाचा अर्ज कलकत्त्याला धाडला. उत्तर आलं: केवळ तुमच्या लेखी वर्णनावरून जाणत्या माणसाला हे औषध करता येतं, हे सिद्ध करा, ऑक्टोबरअखेर मुदत, नाहीतर अर्ज रद्द.

कल्याणच्या शाळेत रसायन शिकवणाऱ्या हरिहर मास्तरांनी त्याच्या कागदाबरहुकूम मलम केलं. मजुरांच्या पायांची नुसती आग झाली. मग त्र्यंबकनं स्वतः केलं, तरी तेच. तेव्हा त्याला ती फिरवलेली पाठ आठवली आणि त्यानं कोलशेत गाठलं.

"मावशी, त्यात आणखी काय टाकतेस?"

"माजे सासूनी मना मरताना सांगलं. मी बी मरतानाच सांगन," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "आदी सांगलं का गुण जातं."

तो पाया पडला, रडला. म्हातारी हलेना. साठीतही मिठाची पाटी उचलणारी बाई, हिला इतक्यात काय होतंय, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच शिसारी आली. तरी रोज कोलशेतला जाऊन, तिला निदान खोकला तरी झालाय का, ते तो बघत राहिला.

अठ्ठावीस तारखेला हिवतापानं तिला गाठलं. सून सगुणा दारात रडत बसली होती.

"भाऊ, आता सांगतंय. कान दे," ठमाबाई पुटपुटली.

त्र्यंबकच्या पिशवीत हिवतापावरचं कोयनेल होतं. आधी ऐकायचं, मग पाजायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. पण तिचे दात वाजू लागले, शब्द फुटेना, डोळे फिरले. अठरा वर्षांच्या सवयीनं त्याचा हात पिशवीत गेला. त्यानं तिची मान उचलून डोस पाजला आणि पुढचे तीन दिवस एकही डोस चुकवला नाही.

एकतीसला सकाळी ती उठून बसली आणि पेज मागू लागली. त्र्यंबकनं वही उघडली.

"मावशी, आज शेवटचा दिवस. राहिलेलं अजून तारेनं कळवता येईल. सांगत होतीस ना?"

ठमाबाईनं मायेनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"तवा मी मरत होते, भाऊ. तूच त वाचवलास. आता कसं सांगू?"