वाफेवरचं चक्र

माझी मुलगी जुन्या घड्याळांची दातेरी चाकं, पितळी बटणं आणि चामड्याचे पट्टे जमवते. त्यांचे दागिने करते, चष्मे करते, एकदा तर तिनं अख्खी टोपी केली. मागच्या दिवाळीत मी त्या टोपीवर बोट ठेवून विचारलं, "हे चाक फिरतं का गं?"

"नाही आई, चिकटवलंय. याला स्टीमपंक म्हणतात."

मग तिनं मोबाईलवर चित्रं दाखवली. वाफेवर उडणारी जहाजं, धुराडी असलेले महाल, छातीवर प्रेशर गेज लावलेली माणसं. वीज मागे राहिली असती आणि वाफेनंच जग पुढं नेलं असतं तर ते कसं दिसलं असतं, याचा हा खेळ आहे, असं तिनं समजावलं. मला फार समजवावं लागलं नाही. मी तसल्या जगातच वाढले होते.

"तुझ्या आजोबांनी असं एक खरंच केलं होतं," मी म्हटलं. "आणि त्यात चिकटवलेलं काहीच नव्हतं."

माझे बाबा पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटे त्यांचा बॉयलर पेटायचा आणि त्याच्या वाफेवर एक इंजिन चालायचं. इंजिनाचं चाक माझ्या दुप्पट उंच होतं. त्यावरून चामड्याचा रुंद पट्टा वर छतापाशी फिरणाऱ्या लांब दांड्यावर जायचा आणि त्या एका दांड्यावरून सरकी काढणाऱ्या रेचा यंत्रांच्या दोन्ही ओळी चालायच्या. मी डबा घेऊन जायची आणि परत यायला मुद्दाम उशीर करायची. मला ते सगळं दिसायचं. वाफ इथून येते, दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. पाचवी-सहावीच्या मुलीला एवढं मोठं यंत्र नुसतं बघून कळतं, याचा मला गर्व वाटायचा. शाळेत बाईंनी 'शंभर वर्षांनंतरचं आपलं गाव' असं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मी जाम नदीवरून सावरगावला जाणारा वाफेचा टांगता पाळणा काढला होता. घराघरावर धुराडं आणि दारोदारी गेज. बाईंनी विचारलं, "लाईटचे खांब कुठे आहेत?" मी ते विसरलेच होते.

ऐंशीच्या दशकात जिनिंगमध्ये विजेच्या मोटारी आल्या. बॉयलर तोडून विकला. बाबांना घरी बसवलं. मी तोवर शिक्षिका झाले होते आणि रोज बसनं सौसरच्या शाळेत जात होते, त्यामुळे घर चालायला अडचण नव्हती. अडचण बाबांची होती. ते पहाटे चारला उठायचे आणि मग त्यांना काही काम नसायचं.

"मोटर म्हंजे बंद डब्बा," ते म्हणायचे. "बटन दाबा, गुर्र. आत काय होऊन राह्यलं, कोनाले दिसते?"

जिनिंगमधून त्यांनी दोनच वस्तू मागून आणल्या होत्या. जुनी शिट्टी आणि बॉयलरमध्ये पाणी भरायचा, वाफेवरच चालणारा एक छोटा पंप. ढोपराएवढ्या उंचीचं सिलिंडर आणि बाजूला हातभर चाक. आमच्या अंगणात तो एका पाटावर ठेवलेला असायचा आणि बाबा रोज त्याला रॉकेलनं पुसायचे. आई म्हणायची, "देवघर नाही आपल्या घरी, तर हे मांडून ठेवलं."

त्या वर्षी मार्चमध्ये जयंतीच्या मिरवणुकीसाठी विहारात बैठक झाली. आमच्या मोहल्ल्याच्या झांकीवर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या ट्रॉलीवर, चोवीस आऱ्यांचं मोठं धम्मचक्र फिरवायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष तहसील कचेरीत नोकरीला होते, हुशार आणि घाईचा माणूस. त्यांनी सांगितलं, जनरेटर आणू, मोटर लावू, चारी बाजूंनी ट्यूबलाईट.

मागं बसलेले बाबा उभे राहिले. बैठकीत ते कधी बोलत नसत.

"चक्र मी फिरवतो. वाफेवर."

हशा झाला. अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "काकाजी, लोकं चंद्रावर जाऊन आले, अन् तुम्ही कोळसा पेटवून राहिले?"

बाबा खाली बसले. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मोटरवर फिरणारं चक्र तर सगळ्याच गावात दिसते भाऊ. वाफेवरचं कुठं पाहिलं तुम्ही?" बायकांच्या बाजूनं कोणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. अध्यक्षांनी मान हलवली. "ठीक आहे. आठ दिवस आधी फिरवून दाखवा. नाही फिरलं तर जनरेटर."

बाबांकडे इंजिन म्हणून तो पंप होता, बॉयलर नव्हता. ते बाजारातल्या तांबटाकडे गेले. तांबटकाका आणि ते एकमेकांना तीस वर्षं ओळखत होते. आमच्या न्हाणीतला पाणी तापवायचा बंबही त्यांनीच ठोकलेला. दोघांनी त्याच घाटाचा, पण चौपट जाड पत्र्याचा बंब केला. मधून आगीची नळी, भोवती पाणी, सगळीकडे रिवेट. त्याला गेज लावलं आणि जास्तीची वाफ आपोआप सुटावी म्हणून वजनाची झडप. पेटवायच्या आधी बाबांनी तो थंड पाण्यानं काठोकाठ भरला आणि हातपंपानं दाब चढवला, लागणार होता त्याच्या दुप्पट. एक दिवसभर तसाच ठेवला.

"पाण्यानंच कायले?" मी विचारलं.

"पाण्यानं फुटला तर ओले होऊ. वाफेनं फुटला तर उचलून न्या लागते."

एक थेंबही गळला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी बंब पेटवला. सुताराकडून आलेलं लाकडी चक्र पंपाच्या चाकाला पट्ट्यानं जोडलं होतं. अध्यक्ष चार जणांना घेऊन आले होते. बाबांनी कॉक उघडला, दट्ट्या हलला आणि चक्र फिरू लागलं. नुसतं फिरलं नाही, भिरभिरलं. आरे दिसेनासे झाले, त्यांना लावलेला निळा कागद फाटून उडाला, आईनं डोक्यावर पदर घेतला आणि मागं पळाली.

"काकाजी, हे चक्र व्हय का टेबलफॅन?" अध्यक्ष म्हणाले. ते वाईट म्हणाले नव्हते, पण बाबांचा चेहरा उतरला. वाफ कमी केली तर इंजिन अडकून बंद पडे, वाढवली तर चक्राचा पंखा होई. अध्यक्षांची मुदत संपायला सहा दिवस राहिले होते.

सोमवारी सौसरच्या बसस्टँडवर मी रसवंतीसमोर बसची वाट पाहत होते. रसवाला चरख्याचं चाक गरागरा फिरवत होता आणि ऊस मात्र सावकाश, एकेक पेर आत जात होता. मी रस प्यायले. दुसरा मागवला. बाजूला दोन दातेरी चाकं होती. लहान चाक जोरात फिरून मोठ्याला ढकलत होतं आणि मोठं आपल्या तब्येतीनं चालत होतं. मी दात मोजले. बस निघून गेली.

"बाई, तीन गिलास झाले," रसवाला म्हणाला. "पोट बिघडन. काय पाहून राहिल्या एवढं?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं फडक्याला हात पुसले, मागच्या टपरीतून जुन्या चरख्याची चाकं काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "जयंती झाली का आणून द्या. चालन का न्हाई, थे सांगा फक्त."

पुढच्या बसमध्ये ती चाकं माझ्या मांडीवर होती. साडीला वंगण लागलं. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हे काय?"

"चाकं. तिकीट लागते का त्यांचं?"

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात पाठमोरे बसले होते. मी चाकं जमिनीवर ठेवली. त्यांनी एकदा चाकांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना एका शब्दाचीही गरज पडली नाही. "मायबाई!" एवढंच म्हणाले आणि पाना शोधायला उठले. बुधवारी चक्र फिरलं. एकेक आरा मोजता येईल इतक्या संथपणे. बाबांनी स्वतः मोजले, चोवीस, आणि पुन्हा एकदा मोजले.

आता अध्यक्षांनाही ते आवडलं. पण त्यांना इंजिन झाकायचं होतं. थर्माकोलचं कमळ करू, आत यंत्र लपवू, वर नुसतं चक्र दिसेल. भंगार कशाला दाखवायचं?

मला बोलायचं होतं, पण त्याआधी आई बोलली. गेले दोन दिवस ती चिंच आणि राख घेऊन तो तांब्याचा बंब घासत होती. पितळी झडप, गेजची कड, तेलाच्या कुप्या, सगळं लखलखत होतं.

"माह्या हाताचे सालटे निघाले," ती म्हणाली. "अन् तुम्ही त्याच्यावर कमळ ठेवता? तीस वर्सं ह्यांचं काम भिंतीमागं होतं. गावानं फक्त धूर पाह्यला. आता माणूस दिसू द्या."

अध्यक्षांनी थर्माकोल परत पाठवलं.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी ठाणेदार आले. ट्रॉलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "ये फटेगा तो नहीं?" बाबांनी त्यांना झडप दाखवली, वजन बोटानं उचललं. फुस्स करून वाफ सुटली आणि ठाणेदार एक पाऊल मागं सरकले. मग स्वतः बोटानं उचलून पाहिलं. मग आणखी एकदा. "चलने दो," म्हणाले.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मधोमध पांढऱ्या कपड्यातले बाबा, शेजारी तांबटकाका, तांब्यावर तिरपं ऊन, आणि वर निळं चक्र. बाजारओळीत शिरलो तेव्हा लोक नेहमीप्रमाणे दुकानांच्या पायऱ्यांवर उभे होते. मग ते पायऱ्या उतरले. वर चक्राकडे फारसं कोणी बघतच नव्हतं. सगळे खाली वाकून दट्ट्या बघत होते. एक म्हातारा शेटजी दुकानातून उठून आला आणि शेजारच्याला बोटानं दाखवू लागला, "इथून ढकलते, मग हे फिरते, मग थे." त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला दिसत होतं. मी ट्रॉलीमागून चालत होते आणि माझ्या लहानपणी डबा घेऊन गेल्यावर जे माझ्या एकटीचं होतं, ते आता सगळ्या बाजाराचं झालं होतं. चौकात मिरवणूक थांबली तेव्हा बाबांनी जिनिंगची जुनी शिट्टी वाजवली. अर्ध्या गावानं ती ओळखली. बायका गच्चीवरून हात हलवू लागल्या. अध्यक्ष ट्रॉलीवर चढले आणि माईक बाबांच्या तोंडाशी धरला. बाबांना भाषण येत नव्हतं. ते म्हणाले, "कोनाले जवळून पाहाचं असन तर या. घाबरू नका. मी हाओ."

रांग लागली. मिरवणूक दोन तास उशिरा पोचली.

आठवड्यानं मी रसवाल्याला चाकं परत द्यायला सौसरला नेली, तेव्हा बाबा, तांबटकाका, बंब आणि पंप असे सगळेच टेम्पोतून सोबत होते. आमच्या हेडमास्तरांनी ते शाळेत दाखवायला बोलावलं होतं. रसवाला टपरी बंद करून मागं मागं आला.

बाबा चौथी शिकलेले. वर्गात ते आधी दाराशीच थांबले, चपला काढल्या. मी म्हटलं, "बाबा, चपला घाला, शाळा आहे." त्यांनी खडू हातात घेतला आणि फळ्यावर सिलिंडर काढलं. माझ्या वर्गात इतकी सरळ रेघ मी कधी काढली नव्हती. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "आजोबा, वाफ तर मऊ असते. थे लोखंडाले कशी ढकलते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीनबाई, सांगू का मी?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं आणि मुलींच्या बाकावर सरकून बसले. हेडमास्तर आधीच शेवटच्या बाकावर होते. शाळा सुटायची घंटा झाली. कोणीही उठलं नाही.