न लागलेली आग

हळद लावलेल्या दोऱ्याचा वास आला की मला घोडनदीकाठचा तो मांडव आठवतो. तेव्हा मी साखर कारखान्याच्या आगीच्या बंबावर होतो. "मांडव पेटलाय, लवकर या!" असा फोन आला म्हणून उसाच्या बैलगाड्यांमधून घंटा बडवत आम्ही पोचलो, तर धुराचा पत्ता नाही. मी खवळलोच. "आग कुठंय?" नवरीच्या आईनं अंगठी रुतलेलं नवरदेवाचं बोट पुढं केलं. "खरं सांगितलं असतं तर तुमी आला असता व्हय, भाऊ?" अंगठीचं माप नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या बोटावरून घेतलेलं, आणि नवरीच्या मामानं ती रेटून बसवलेली. बोट निळं पडलं होतं, पण लग्नाचं सोनं ऐन मुहूर्ताला कापू द्यायला कुणी तयार नव्हतं. मी काकणाचा दोरा मागितला, एक टोक अंगठीखालून ओढून घेतलं, उरलेला दोरा अंगठीच्या पुढं बोटावर घट्ट गुंडाळला आणि ते आतलं टोक धरून हळूहळू उलगडत गेलो. नवरदेव ओरडला, अंगठी पेरावरून सरकली आणि टपकन माझ्या तळहातावर पडली. बँड वाजला, आणि मंगलाष्टकांच्या आधीच अख्ख्या मांडवानं आमच्यावर अक्षता उधळल्या. नोकरी संपेपर्यंत मी कितीतरी खऱ्या आगी विझवल्या, पण अक्षता पडल्या त्या त्या एकाच, न लागलेल्या आगीसाठी.