तीन बाजू आणि वर थोडी

आमच्या कारखान्यात दोऱ्यांचे तुकडे रोज झाडले जातात, किस्से मात्र कुणी झाडत नाही. ते मशिनांखाली साचत राहतात. आता सांगतो ते सगळे सिंधूबाईच्या दुपट्याच्या आठवड्यातले आहेत.

पांडेसऱ्यात आम्ही साड्यांना, ओढण्यांना लेस लावतो. मी रोलवरून लेस मापून कापतो. सिंधूबाई आणि वसंतदादा मशिनवर बसतात. सिंधूबाईला नात झाली. बारशाच्या दुपट्याला तिला आपल्या आईच्या साडीची लेस लावायची होती. आई गेली, साडी विरली, लेस तेवढी राहिली. तिला दुसऱ्या लेसचा तुकडा जोडायचा नव्हता, आणि विहीणबाईंनी नावं ठेवलेलंही नको होतं.

चौकोनी मलमलीवर लेस पसरून पाहिली. तीन बाजू झाल्या, वर थोडी उरली. चौथी बाजू उघडीच.

*

वसंतदादा म्हणाला, राहू दे चौथी. साडीची कमरेत खोचायची बाजू आम्ही बिनलेसची सोडतो, त्यामुळे त्याच्या हाताला तीनच बाजूंची सवय.

आदल्याच रविवारी त्याने बमरोलीच्या खोलीच्या गच्चीवर, न्हाणीला आडोसा म्हणून हिरवी जाळी आणली होती. मापून आणली. तीन बाजूंची!

वहिनी बादली घेऊन उभ्या. त्यांनी अहिराणीत विचारलं, "चौथी बाजू काय मी कंबरमा खोसू?"

त्यामुळे दादाचा सल्ला कुणी घेतला नाही.

*

त्याच दिवशी शेठ आले. एका हातात लांब ओढणी, दुसऱ्यात चौकोनी स्कार्फ. काट्यावर दोन्ही सारखे भरले होते. "आप्पा, कपडुं सरखुं, तो लेस केम वधारे?" त्यांनी मला विचारलं. कापड सारखं, मग लांब ओढणीच जास्त लेस का खाते?

मला सावकाश बोलायची सवय. मी तोंड उघडेपर्यंत वसंतदादाने उत्तर दिलं, "शेठ, जागा तेवढीच असली तरी चाळीला भिंत जास्त लागते."

शेठची स्वतःची चाळ आहे. ते ओढणी घडी करत निघून गेले.

*

माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. मी कात्रणांतल्या लेसची दोन टोकं गाठ मारून जोडली आणि ते कडं टेबलावर ठेवलं. बोटांनी ताणून चौकोन केला. आत चहाचे कप ठेवले, ऐसपैस मावले. मग कडं लांबट केलं, तर कप बाहेर यायला लागले. आणखी दाबलं, तर दोन्ही काठ एकमेकांना चिकटले.

सिंधूबाई वाकून बघत होती. म्हणाली, "आप्पा, काठ तेवढाच राहिला आणि पोट गेलं!"

आम्ही सगळे ते कडं हाताळत बसलो. कपांनी कडं आतून बाहेर रेटत गेलो तेव्हा सगळ्यात जास्त कप मावले आणि कडं आपोआप गोल झालं.

*

मग मला नाद लागला. डब्याचं झाकण, बादलीचं तोंड, मशिनचं चाक, दिसेल त्या गोलाला मी लेस गुंडाळू लागलो. गोलाच्या रुंदीच्या मापाने ती लेस मोजली की दर वेळी तीनदा, आणि वर थोडी.

"थोडी म्हणजे किती?" वसंतदादाने विचारलं.

मी परत झाकण मापलं, मग चाक. म्हटलं, "थोडी म्हणजे थोडी. पण सगळीकडे तेवढीच."

सिंधूबाईने मशिन थांबवलं. मलमल काढली, आणि चारही कोपरे कापायला कात्री माझ्याकडे दिली. मी कापून मलमल गोल केली.

आईची लेस फिरत फिरत आली आणि टोकाला टोक भेटलं.

दुपटं रुंदीला जरासुद्धा कमी झालं नव्हतं. तरी वसंतदादाने शंका काढली. बाळाच्या डोक्यावर दुपट्याचा कोपरा घेतात. याला कोपराच नाही. विहीणबाई काय म्हणतील?

सिंधूबाईने दुपटं घडी करून पिशवीत घातलं. बारशाच्या दिवशी पिशवी छातीशी धरूनच आली.

*

भेस्तानला बारसं. पाळण्यापाशी विहीणबाईंनी दुपटं उलगडलं. फिरवलं. परत फिरवलं.

"विहीणबाई," त्यांनी सिंधूबाईला विचारलं, "याची डोक्याकडची बाजू कोणती?"

सिंधूबाईने नातीला उचललं आणि दुपट्याच्या मधोमध ठेवलं.

"ही जिकडे डोकं करेल ती."