गेटकडे तोंड करून

"अँब्युलन्स बोलावू का?" मी विचारलं, तेव्हा कुमुदताईंनी डोळेही उघडले नाहीत. "आता नाही गं. आता घरीच." कर्करोग पसरला होता, डॉक्टरांशी त्यांचं सगळं बोलून झालं होतं... तरी मला विचारल्यावाचून राहवेना. दोनच दिवसांत त्या गेल्या. महिना होत आला, पण तळमजल्यावरचं ते बंद दार दिसलं की अजून गलबलून येतं.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचा दरारा होता. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर इस्पितळांचा भूगोल शिकायला घेतला. स्वतः ठणठणीत असताना जाऊन चौकशी करायच्या : हृदयाची बंद नळी उघडायची सोय इथे सुटीच्या दिवशीही असते का? भाजलेल्या माणसाला कुठे न्यायचं? काउंटरवरच्या मुलीनं "पेशंट कोण?" विचारलं की म्हणायच्या, "अजून ठरायचंय." आम्ही हसायचो. गाडीसुद्धा त्या कायम उलटी घेऊन, गेटकडे तोंड करून लावत. आमच्या ह्यांना तो निव्वळ चक्रमपणा वाटे.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर ह्यांना दरदरून घाम फुटला. छातीवर दडपण, जबडा ओढल्यासारखा. "पित्त आहे," म्हणत हे सोडा पीत बसले. फॅमिली डॉक्टरांना फोन करावा, तर चारपर्यंत त्यांची वामकुक्षी. पुण्यात माणूस जीव देईल, पण कुणाची दुपारची झोप मोडणार नाही. घरातला सोडा संपला म्हणून मी खाली कुमुदताईंकडे मागायला गेले.

"घाम आलाय? मग सोडा राहू दे." त्यांनी आधी अँब्युलन्सला फोन लावला. वेळ लागेल म्हटल्यावर किल्ली उचलली. ह्यांना चालू न देता खुर्चीसकट लिफ्टमधून खाली आणलं. गाडी वळवायची गरजच नव्हती, सरळ गेटबाहेर निघाली. कोपऱ्यावरचं इस्पितळ दिसताच हे म्हणाले, "अहो, इथेच उतरवा."

"इथे नळी उघडत नाहीत. गप्प बसा."

पुढच्या इस्पितळात त्यांनी मला वाटेतूनच फोन करायला लावला होता. दारात माणसं उभी होती. चारपर्यंत थांबलो असतो तर हे हातातून गेले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुमुदताई ह्यांना भेटायला आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "झाली का तुमच्या डॉक्टरांची झोप?" माझा संसार या बाईमुळे उभा आहे, दुसरं काय म्हणू?

त्यांची गाडी अजून खाली उभी आहे, गेटकडे तोंड करून. परवा हे आमची गाडी तिच्या शेजारी उलटी लावत होते. पुढे-मागे, पुढे-मागे. "कशाला एवढा खटाटोप, साहेब?" वॉचमननं विचारलं. हे उतरले, आणि खिशातला रुमाल काढून कुमुदताईंच्या गाडीची काच पुसायला लागले.