आजच्या मापाची सायकल

रावजीमामाच्या मते अंगाला नेमकी बसेल अशी वस्तू घेणं म्हणजे उधळपट्टी. मखमलाबादला त्याचा झेंडूचा मळा आहे आणि माझ्या लहानपणापासून आई नि मी त्याच्याच घरी राहतो. त्याने आणलेल्या बुटात पुढे कापूस कोंबावा लागायचा, फ्रॉक पोटरीपर्यंत यायचा. "पोर वाढती," एवढंच त्याचं म्हणणं. आता मी वाढत होते कुठे? शाळेच्या रांगेत कायम पहिली. पण चिडायची सोय नव्हती, कारण स्वतःसाठी तो काहीच घ्यायचा नाही.

आठवीत मला बीएमएक्सचं, म्हणजे बुटक्या सायकलींच्या उंचसखल ट्रॅकवरच्या रेसिंगचं, वेड लागलं. मळ्यांच्या पलीकडे मुरमाचे उंचवटे रचून पोरांनी ट्रॅक केला होता. वर्गातल्या साईची सायकल मागून मी तिथे घिरट्या घालायचे. मामाला कुणकुण लागली आणि एक दिवस तो मुंबईहून वापरलेली रेसिंग सायकलच घेऊन आला. या सायकलींची चाकं मोठ्या माणसालासुद्धा वीस इंचीच असतात, फरक असतो तो फ्रेमच्या लांबीत. एवढीशी चाकं बघून मामाला वाटलं, ही तर पोरासोरांची. मग त्याने मोठ्यातली मोठी फ्रेम निवडली आणि घरी येऊन कौतुकाने तिला झेंडूचा हार घातला.

हँडल धरलं की माझे हात काठीसारखे ताठ व्हायचे. उंचवट्यावर पुढचं चाक उचलायचं नाही, वळणावर हँडल हातातून निसटायचं. मी पडत राहिले. शेवटी साई म्हणाला, "पुढच्या महिन्यात जिल्ह्याची रेस हाय. या धुडावर उतरू नको, दात पाडून घेशील."

मामाला सांगावं तर त्याचं तोंड उतरणार, न सांगावं तर रेस हातची जाणार. मी रेस सोडायचं ठरवलं, पण ट्रॅकवर जाणं काही सुटेना.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बाजारात फुलं पोचवून मामा परस्पर ट्रॅकवर आला. नेमकी त्याच्या डोळ्यांदेखत मी वळणावर आपटले. "मुरूम निसरडा झालाय," मी म्हटलं. त्याने मला उठवलं, गुडघा पुसला. मग सायकल उचलून स्वतः तिच्यावर बसला. त्याची कोपरं आरामात वाकली होती.

"ही तर माझ्या मापाची हाय," तो म्हणाला. "बोलली का नाय?"

"तू एवढ्या हौसेनं आणलीस..." म्हणता म्हणता मला रडूच आलं.

त्याच दुपारी आम्ही ती सायकल घेऊन गंगापूर रोडवरच्या दुकानात गेलो. मामाचा डोळा आधी एका चकचकीत सायकलवर. तिच्या चाकांच्या आसाला पाय ठेवायला नळकांडी होती. दुकानातल्या मंजुषाताई हसल्या. "ती कसरतीची, जड असते. रेसची साधी, हलकी, एकच ब्रेक." मग त्यांनी मला एकेका फ्रेमवर उभं केलं. हँडल धरल्यावर कोपर जरासं वाकलं पाहिजे आणि वळताना गुडघा हँडलला लागता कामा नये. शेवटी दोन सायकली उरल्या. एक अंगाला अगदी बरोबर बसणारी, दुसरी थोडी मोठी, पण पुढे आणखी काही वर्षं चालणारी.

मामा मोठीकडेच बघत होता. मी घाईने म्हटलं, "मोठी चालेल मला."

"गप बस," मामा म्हणाला. "ताई, आज बसती ती द्या. आन ही आमची ठिवून घ्या बदल्यात."

मंजुषाताई आत गेल्या, तरी माझ्या जिवाला चैन पडेना. "मामा, अरे वर्षभरात लहान होईल ही."

"होऊ दे की. लहान झाली म्हंजी तू वाढली. मला तेच तर पाह्यचंय."

मी भर दुकानात त्याच्या पाया पडले. उपकार, ऋण असले शब्द मराठीच्या पेपरात मी धडाधड लिहायचे, पण त्याच्यासमोर त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.